मालकानं सोता यावं

गेनूआबांनी एकदा स्वतःचीच शेळी कोंडवाड्यात घातली आणि संध्याकाळी ती सोडवायला स्वतःच गेले.

हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. नव्वदीतले दिवस होते आणि मी आमच्या ग्रामपंचायतीत कारकून होतो. 'आमच्या' म्हणतो खरं, पण मी मूळचा पिंपळवंडीचा. नोकरीचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवरचं. बाजाराला नारायणगावला जायचं की मंचरला, यावरून तिथं नवरा-बायकोची भांडणं व्हायची. पंचायतीचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, आणि माझ्या खिडकीच्या बरोबर समोर कोंडवाडा.

ज्यांनी कोंडवाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार दगडी भिंती, वर छप्पर नाही, एक लाकडी दार आणि दाराला कुलूप. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरून पीक खाताना सापडलं की ते इथं आणून कोंडायचं. मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा आणि आपलं जनावर घेऊन जायचं. थोडक्यात जनावरांची तुरुंगवारी. हलगर्जीपणा मालकाचा आणि आत जायचं जनावरानं, हा त्यातला न्याय मला कधी कळला नाही, पण मला विचारतो कोण?

गेनूआबा या कोंडवाड्याचे शिपाई. बुटका, काटक माणूस. धोतरावर पंचायतीनं दिलेला खाकी सदरा, त्याची एक गुंडी कायम दुसऱ्या रंगाची. कोंडवाड्याची किल्ली ते कंबरेच्या करगोट्याला बांधायचे. अंघोळीलासुद्धा ती सुटत नसे.

तर ती शेळी. दुपारी आबांनी स्वतःच तिला कुणाच्या तरी मेथीत पाहिलं, कानाला धरून आणलं आणि कुलूप लावलं. संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी आले आणि दंड भरू लागले.

"आबा, तुम्ही कोंडवाड्याचे शिपाई. तुमच्याच शेळीला कसला दंड?" मी म्हणालो.

"आत्ता म्या शिपाई न्हाई, क्लार्कभाऊ. आत्ता म्या मालक हाय. पावती फाडा."

पावती घेऊन ते दाराशी गेले. कुलूप उघडलं, उंबऱ्याच्या आत उभे राहिले आणि बाहेर बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "मालक कोन?" मग उंबरा ओलांडून बाहेर आले, आत तोंड केलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "म्या. गेनू." परत आत. "जनावर कंचं?" परत बाहेर. "शेळी." परत आत. "कुनाच्या रानात घावलं?" असे ते बराच वेळ आतबाहेर करत होते. शेवटी त्यांनी स्वतःला बोट दाखवून ताकीद दिली, ती स्वतःच मान खाली घालून ऐकून घेतली आणि शेळी घेऊन घरी गेले.

मी खिडकीत पोट धरून हसत होतो. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

हे तीन प्रश्न म्हणजे आबांचा मंत्र होता. मालक कोन, जनावर कंचं, कुनाच्या रानात घावलं. उत्तरं मालकानंच द्यायची, आणि तीही कोंडवाड्याच्या दारात उभं राहून. गडी पाठवला, पोरगा पाठवला, बायको पाठवली तर आबा जनावर सोडत नसत. "मालकानं सोता यावं," एवढंच म्हणायचे आणि किल्ली धोतराच्या निऱ्यांत सारायचे. मग धनी कुणी का असेना. पंचायतीच्या मेंबरची म्हैस असो, हायस्कूलच्या हेडमास्तरांची कालवड असो. "जनावर कुनाचं ते मला सांगू नका, राव. तोंड कुठं घातलं ते सांगा." माणसं कुरकुरायची, पण यायची. दारात उभं राहून "मी" म्हणताना भल्याभल्यांचा आवाज बसायचा.

एकदा त्यांनी देवाचा वळू कोंडला. भैरोबाला सोडलेला तो वळू गावभर फिरायचा, दिसेल ते खायचा आणि लोक वर हात जोडायचे. एक दिवस तो कुणाच्या तरी कोबीच्या वाफ्यात लोळला. आबांनी चार माणसांच्या मदतीनं त्याला आत घातला. गावात हाहाकार उडाला. देवळाचे पुजारी धावत आले.

"मालक कोन?" आबांनी विचारलं.

"अरे, मालक साक्षात भैरोबा!"

"मंग भैरोबानं सोता यावं."

पुजारी डोक्याला हात लावून बसले. वळू आत डरकाळ्या फोडत होता. शेवटी आबांनीच तोड काढली. पागोटं बांधून ते देवळात गेले आणि गाभाऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "देवा, तुमचं पाय दगडाचं. तुमाला याला जमत न्हाई म्हून म्या आलोय. येकडाव सोडतो. पुन्यांदा असं व्हता कामा नये." मग स्वतःच्या खिशातून दंड भरून त्यांनी वळू सोडला. पुजाऱ्यांना हा देवाचा अपमान वाटला. मला विचाराल तर एवढ्या अदबीनं त्या देवाशी दुसरं कुणी बोलत नव्हतं. बाकी सगळे नुसतं मागायला जायचे.

माणूस एकटा होता. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घर अर्धं. मधोमध भिंत घातलेली. भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ शंकर राहायचा, बायकापोरांसह, बैलजोडीसह. दोघांत बोलणं नव्हतं. शंकर घरून निघाला की कोंडवाड्यासमोरचा सरळ रस्ता सोडून ओढ्याकडच्या बोळातून वळसा घालून जायचा. मला वाटायचं, जमिनीचा काही वाद असेल. असतोच तो. बाहेरगावच्या माणसानं अशा गोष्टी विचारू नयेत, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

आणखी एक खूळ. आमच्या भागात बैलपोळा भादव्यातला. त्या दिवशी आबा स्वतःच्या हातानं पुरण घालून पोळ्या करायचे, आणि हाताला सवय नसल्यानं त्या नकाशासारख्या व्हायच्या. ताट भरून, वर फडकं टाकून ते कोंडवाड्याच्या दारात बसायचे. हलगी वाजत यायची, रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल त्यांच्यासमोरून मारुतीच्या देवळाकडे जायचे. आबा एकेक जोडी बघत राहायचे. पोळीवरचं फडकं काही काढायचे नाहीत. शेवटची जोडी गेली की ताट घेऊन माझ्या खिडकीशी यायचे. "घ्या, क्लार्कभाऊ. सनाचं हाय." मी वर्षानुवर्षं त्या पोळ्या खाल्ल्या. पुरण बरं असायचं. ताट माझ्यासाठी वाढलेलं नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते कळायला एक जर्सी गाय कारण झाली.

गावाबाहेर एक सरकारी कॉलनी होती. खातं कुठलं ते सांगत नाही, त्यातले बरेच जण अजून पेन्शन खातायत. त्या कॉलनीत एक नवे मोठे साहेब आले. त्यांना घरच्या दुधाची हौस, म्हणून त्यांनी एक जर्सी गाय घेतली. हौस साहेबांची आणि चारा गावाचा, असा प्रकार सुरू झाला. सकाळी साहेबांचा शिपाई दावं सोडायचा आणि गाय तिला वाटेल तिकडे जायची. आज कुणाचा घास, उद्या कुणाचा मका. लोक बघायचे आणि हळूच हाकलून द्यायचे. त्यातल्याच एकानं शेजाऱ्याच्या वासरावरून आठवडाभर भांडण केलं होतं, पण गाईला काठीसुद्धा दाखवत नसे. हाकलताना एक जण "चला बाईसाहेब" असं म्हणालेला मी स्वतः ऐकलाय.

आबांची पंचाईत अशी, की तक्रार आल्याशिवाय त्यांना दुसऱ्याचं जनावर कोंडता येत नसे, आणि तक्रार कुणी करत नव्हतं.

श्रावणात एका सकाळी ती गाय ठकूबाईच्या कोथिंबिरीत शिरली. ठकूबाई म्हणजे ओढ्याकाठी एक तुकडा असलेली म्हातारी, विधवा, पोटी कुणी नाही. कोथिंबीर जुडीनं विकायची आणि त्यावर जगायची. श्रावणात कोथिंबिरीला भाव असतो. गाईनं अर्धा तुकडा साफ केला आणि उरलेल्यात बसून रवंथ सुरू केलं. आबांना कुणीतरी सांगितलं, तसे ते गेले. मी घरपट्टीच्या काही कामानं त्याच बाजूला निघालो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

"ठके, चल. तक्रार दे," आबा म्हणाले.

ठकूबाई बांधावर बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले. "जाऊ द्या, आबा. सायेब मान्स हायेत. त्यांच्याशी आपलं काय चालनार? उगं दुस्मनी कशाला?"

"जाऊ द्या?"

"जाऊ द्या. पुन्यांदा पेरीन."

आबांचा चेहरा एकदम बदलला. मी त्यांना त्याआधी कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या भावाच्या येळंला आलीस की गं रडत! पोळ्याचा दीस व्हता. तवा न्हाई म्हनलीस जाऊ द्या? माझ्या भावाचा बैल आन् सायबाची गाय, तोंड येगळी हायेत का? का तुज्या कोथमिरीला कळतं कोन खातंय ते?"

ठकूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

गाय कोंडवाड्यात आली. कुलूप लागलं. आणि मी मनाशी म्हणालो, आता आपलं काही खरं नाही.

तासाभरात साहेबांचा शिपाई आला. हातात पैसे, चेहऱ्यावर हसू. "काय आबा, चुकून आली वाटतं गाय. घ्या दंड, सोडा."

"मालक कोन?"

"अवं, साहेब!"

"मंग सायबानं सोता यावं."

शिपायाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नाही हे कळल्यावर तो गेला, आणि पंचायतीचा फोन वाजला. गावात तेव्हा फोन मोजके, आणि आमच्या फोनचा आवाज असा की चावडीपर्यंत ऐकू जायचा. मी "हो साहेब, होय साहेब" करत उभा. मी का उभा राहिलो, देव जाणे, साहेबांना फोनमधून मी दिसणार नव्हतो. दुपारी सरपंच आले. सरपंच माणूस वाईट नव्हता, पण कॉलनीतून गावाला पाण्याची लाइन मिळायची होती आणि तो कागद याच साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"आबा, किल्ली द्या."

"मालकानं—"

"ते पाठ आहे मला. देवाला सूट दिलीत ना? तशी साहेबाला द्या."

"देवाचं पाय दगडाचं, सरपंच. सायबाला जीप हाय."

मी खिडकीत हसू दाबलं. सरपंच दाबू शकले नाहीत, पण लगेच सावरले. "क्लार्क, मालकानं स्वतः यायचं असा नियम आहे का?"

मला खोटं बोलता आलं नाही. दंड भरला, चाऱ्याचा खर्च भरला की जनावर सोडायचं, एवढाच नियम होता. पैसे कुणी आणायचे याबद्दल अक्षर नव्हतं. मी तसं सांगितलं. सरपंच आबांना म्हणाले, "ऐकलंत? दोन दिवस देतो. नाहीतर किल्ली दुसऱ्याकडे, आणि तुमची नोकरी गेली म्हणून समजा. कोंडवाडा तसाही बंदच करायचाय, तिथं गाळे काढायचे आहेत."

ते गेल्यावर मी कोंडवाड्यात गेलो. आबा गाईपुढं हिरवा चारा टाकत होते. किल्ली घ्यायची तर आबांच्या कंबरेशी झोंबावं लागलं असतं, आणि एवढी हिंमत सरपंचांना नव्हती, मला तर नव्हतीच. पण नोकरी गेली तर हा माणूस काय खाणार, या विचारानं मला राग आला होता. मी म्हणालो, "आबा, नियमच नाही तर कशाला हट्ट?"

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "कायद्यात न्हाई त्ये. त्यो नियम म्याच केला."

"कधी?"

आबांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते मधे मधे थांबत होते आणि ते थांबणं काही मला लिहिता येणार नाही.

शंकरचा एक बैल होता, पाखऱ्या. वासरू असताना त्याची आई मेली. तेव्हा घरात भिंत नव्हती. आबांनी दुधात बोटं बुडवून ती चोखायला देऊन त्याला जगवला. वाटणीत बैल शंकरकडे गेला, शेती तो करत होता म्हणून. मग एका पोळ्याला, सकाळी नदीवर बैल धुताना, पाखऱ्या दावं तोडून पळाला आणि ठकूबाईच्या कोथिंबिरीत शिरला. ती रडत आली. आबांनी बैल कोंडला. शिंगांना हिंगूळ लागलेला, एका शिंगाला बेगड चिकटवलेली, असा तो बैल पोळ्याच्या दिवशी कोंडवाड्यात.

शंकर म्हणाला, सण होऊ दे, उद्या कोंड. आबा नाही म्हणाले. शंकरनं गड्याच्या हाती दंड पाठवला. इथं आबा सरळ बैल सोडू शकले असते. पण दाराशी माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, भाऊच हाय, सोडंल की. ते शब्द आबांच्या कानात गेले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मालकानं सोता यावं."

"शंकर आला, राव," आबा म्हणाले. "समद्या गावाम्होरं. नवं धोतार नेसून आलता, सनाचं. म्या इचारलं, मालक कोन? माझा भाऊ त्यो. माझ्या पाठीवरचा. त्याला म्या इचारलं मालक कोन! त्यानं माझ्याकडं बघितलं आन् म्हनला, मी. बैल घिऊन गेला त्यो गेला. मिरवनूक तवर संपलीवती. आठ दिसांत मधी भिंत उभी राहिली."

आबांनी गाईपुढं आणखी एक पेंढी टाकली.

"घरी बसून इचार केला. ह्यो नियम म्या एकट्या शंकरला लावला, तर त्यो काय कायदा न्हवं. त्ये मंग भावाशी भांडान झालं. म्हून समद्यांना लावला. मेंबरला लावला, मास्तरला लावला, सोताला लावला, देवाला बी इचारलं. आता ह्या सायबाला सोडला, तर माझ्या शंकरनं काय घोडं मारलं व्हतं, सांगा की मला."

गाय चारा खात होती. मला त्या शेळीची आठवण झाली. आबा उंबऱ्याच्या आतबाहेर करत होते आणि मी हसत होतो, ती संध्याकाळ. माणसाची खुळं लांबून बघावीत, जवळ गेलं की हसू येत नाही.

मी विचारलं, "मग त्या दिवशी पाखऱ्या उपाशीच?"

"उपाशी कसा? पुरनाची पोळी चारली की म्या, हितंच. सन बैलाचा व्हता. गुन्हा बैलाचा न्हवता."

ते दोन दिवस गावानं दुसरं काही काम केलं असेल असं मला वाटत नाही. इकडे एक नवीच अडचण. दुभती गाय कोंडवाड्यात आणि तिचं वासरू कॉलनीत. आबा सकाळ-संध्याकाळ गाय पिळायचे आणि चरवी घेऊन कॉलनीत चालत जायचे. साहेबांच्या बंगल्यामागं वासराला बोटं चोखायला देऊन दूध पाजायचे. बाईसाहेब पहिल्या दिवशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. थोडं चहाला द्या." आबांनी हात जोडले. "ह्ये वासराचं हाय, बाई. त्याचा काय गुन्हा न्हाई. च्याचं दूध मालक आल्यावर." आणि दूध संपेपर्यंत वासराजवळ बसून राहिले.

साहेबांच्या घरी कोरा चहा सुरू झाला. सरपंचांचा निरोप, माझी मनधरणी, कुणीकुणी पुण्याहून केलेले फोन, यातलं कशानंही जे झालं नसतं ते कोऱ्या चहानं केलं असावं. बाईसाहेब साहेबांना म्हणाल्या म्हणे, "गाय तुम्ही आणलीत. तो म्हातारा दिवसातून दोनदा चालत येतो. तुम्हाला एकदा जायला काय होतं?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, साहेब आले. जीपमधून नाही, शिपायाच्या सायकलवरून, स्वतः पेडल मारत; शिपाई मागून पळत. आम्ही खिडकीत, लोक पारापाशी, पिठाच्या गिरणीशी, सगळे काही ना काही काम काढून उभे. गिरणीच्या सावलीला तंबाखू मळत शंकर उभा होता. त्या रस्त्यावर मी त्याला पहिल्यांदा पाहिला.

आबांनी कुलूप उघडलं. उंबऱ्याच्या आत उभे राहिले.

"मालक कोन?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडकणार. त्यांचा चेहरा लालही झाला. पण सगळ्यांसमोर चिडायलाही एक जागा लागते, आणि कोंडवाड्याचा उंबरा ती जागा नव्हती.

"मी," साहेब म्हणाले.

"जनावर कंचं?"

"गाय. जर्सी."

"कुनाच्या रानात घावलं?"

साहेबांना माहीत नव्हतं. ते वळून शिपायाकडे बघू लागले.

"त्याला नगा इचारू. मालकाला ठाव पायजे," आबा म्हणाले, पण दरडावून नाही, आठवण करून दिल्यासारखं. "ती बगा, ती म्हातारी. तिच्या रानात."

ठकूबाई पारावर अंग चोरून बसली होती. साहेब तिच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की बोलताना ते जरा वाकले होते, आणि ठकूबाई "र्‍हाऊ द्या, र्‍हाऊ द्या" म्हणत उठून उभी राहिली होती. साहेब परत आले, माझ्याकडे दंड भरला, आबांनी गाईचं दावं त्यांच्या हातात दिलं आणि ताकीद दिली, "पुन्यांदा असं व्हता कामा नये." शेळीच्या वेळी स्वतःला दिली होती तीच, तशीच, बोट दाखवून. आणि मग बोट खाली घेऊन एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आता तुमी पावणं. बसा. पानी आनतो."

साहेब बसले. पाणी प्यायले. त्या दिवसानंतर ती गाय कॉलनीत खुंट्याला बांधलेली दिसायची. पाण्याच्या लाइनीचा कागदही पुढं कधीतरी हलला. तो या सगळ्यामुळे हलला की हे सगळं होऊनही हलला, ते सरकारलाच माहीत.

गर्दी पांगल्यावर शंकर माझ्या खिडकीशी आला. कामाचं काही नव्हतं. गजाला धरून जरा वेळ उभा राहिला.

"क्लार्कभाऊ, सायबाला बी त्येच इचारलं ना? मालक कोन म्हून?"

"तू होतास की तिथं. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. तरी बी." तो थांबला. "आन् सायेब म्हनला, मी."

"म्हणाला."

शंकरनं मान हलवली, तंबाखूची गोळी खाली टाकली आणि गेला. जाताना ओढ्याच्या बोळानंच गेला.

भादव्यात पोळा आला. त्या वर्षी तो रविवारी होता, ऑफिसला सुट्टी, पण मी मुद्दाम पिंपळवंडीहून आलो आणि खिडकीत बसलो. आबा दारात ताट घेऊन बसले होते, वर फडकं. हलगी आली, बैल आले. आबा एकेक जोडी बघत होते. आता ते कुणाची वाट बघतायत हे मला माहीत होतं, आणि म्हणून मला तिकडे बघवत नव्हतं. शेवटची जोडी देवळाकडे वळली. हलगीचा आवाज लांब गेला. आबा ताट उचलून उठले आणि सवयीनं माझ्या खिडकीकडे निघाले.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला, ओढ्याच्या बाजूनं नाही, सरळ रस्त्यानं. शंकर होता. त्याच्या हातात एकाच बैलाचं दावं. पाखऱ्या म्हातारा झाला होता, पाठीची हाडं वर आलेली, चाल मंद, पण दोन्ही शिंगांना हिंगूळ आणि दोन्हींना बेगड. मिरवणुकीच्या पुष्कळ मागं राहिले होते ते दोघे. कोंडवाड्यासमोर येऊन थांबले.

आबांना काय करावं कळेना. ताट हातात, ओठ हलतायत. माणूस घाबरला की सवयीचे शब्द तोंडात येतात. ते म्हणाले, "मालक..." आणि पुढचं त्यांच्यानं म्हणवलं नाही.

शंकर म्हणाला, "म्या हाय, दादा. सोता आलोय."

दावं त्यानं सैल सोडलं. पाखऱ्यानं मान लांब केली, फडकं नाकानं बाजूला सारलं आणि ताटात तोंड घातलं. त्या वर्षी मला पोळी मिळाली नाही.